मैत्रीची सुरुवात शत्रूपासून नको

परीक्षेचा निकाल, संघातील निवड, वर्गातले भांडण, घरी भावंडांशी झालेली तुलना, अशा प्रसंगी मनात राग, मत्सर, भीती, उदासी येतेच. "राग सोडून द्यावा, सर्वांवर प्रेम करावे" हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते करायचे कसे, हे सहसा कोणी सांगत नाही. बौद्ध परंपरेने या 'कसे'चा पायरीपायरीने विचार केला आहे. तो विचार मराठी वाचकांपर्यंत आणणारे एक थोर विद्वान तरुणपणी आपल्या ग्वाल्हेरहूनच पुढे काशीला गेले होते. त्यांचे नाव धर्मानंद कोसंबी.

'बालबोध'चा वाचक

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. तरुणपणी निराशेने आपल्याला कसे घेरले, हे त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. १८९७ साली 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांना दिशा सापडली. १८९९ च्या अखेरीस घर सोडून ते पुण्याला आले. तेथून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर असा प्रवास करीत संस्कृत शिकण्यासाठी काशीला पोहोचले. पुढे श्रीलंकेत ते पाली शिकले. १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले. हार्वर्डची ही आवृत्ती १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाली.

'विसुद्धिमग्ग' हा आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत रचलेला पाली ग्रंथ. त्यात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांचा अभ्यास सांगितला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतही हीच चार नावे येतात. मैत्री म्हणजे दुसऱ्याचे भले व्हावे ही इच्छा. करुणा म्हणजे त्याचे दुःख दूर व्हावे ही इच्छा. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या यशाचा आनंद. मत्सरावरचे औषध हेच. उपेक्षा म्हणजे येथे दुर्लक्ष नव्हे, तर मनाचा समतोल.

क्रम महत्त्वाचा

मैत्रीचा अभ्यास नावडत्या माणसापासून सुरू करू नये, असे हा ग्रंथ बजावतो. कारण सरळ आहे. ज्याने आपल्याला दुखावले, त्याला आठवताच राग उसळतो आणि अभ्यास तेथेच संपतो. म्हणून पहिली पायरी स्वतःची: मला शांत वाटो, माझी भीती कमी होवो. हा स्वार्थ नव्हे. मला सुख हवे, दुःख नको, हे नीट ओळखले की दुसऱ्यालाही तेच हवे असते, हे कळते. मग आदरणीय व्यक्ती, उदाहरणार्थ एखादे गुरुजी. नंतर जिवलग मित्र. त्यानंतर जिच्याशी ना स्नेह ना वैर अशी व्यक्ती, जसे रोज दिसणारे दूधवाले काका. सर्वांत शेवटी ज्याच्याशी वैर आहे तो. त्याच्यापाशी येऊन राग आलाच तर हरलो असे समजायचे नाही. मागच्या पायरीवर परतायचे, मन मऊ झाले की पुन्हा यायचे.

तरीही राग शमला नाही तर ग्रंथात आणखी उपाय आहेत. त्या माणसाचा एक तरी चांगला गुण आठवावा. एकही सापडला नाही, तर अशा माणसाची कीव करावी. दुसऱ्यावर फेकण्यासाठी निखारा उचलणाऱ्याचा हात आधी भाजतो, याचा विचार करावा. काहीच जमले नाही तर त्याला एखादी वस्तू भेट द्यावी. हा शेवटचा उपाय मुलांना सर्वांत लवकर जमतो.

जवळचा शत्रू

प्रत्येक भावनेला एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू असतो, असे बुद्धघोष सांगतात. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरपणा. तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक; तो करुणेसारखाच दिसतो. मित्राचे दुःख पाहून आपणही रडत बसलो, तर त्याला हात कोण देणार? मैत्रीचा जवळचा शत्रू 'राग'. पण पाली भाषेत राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती. "तू फक्त माझ्याशीच बोल" असे म्हणणारी मैत्री ही आसक्ती होय.

एक गोष्ट स्पष्ट असावी. मैत्रीभावना म्हणजे अन्याय सोसणे नव्हे. कोणी मारत असेल, छळत असेल, तर ते शिक्षकांना आणि आईवडिलांना सांगितलेच पाहिजे. मनात द्वेष न ठेवताही तक्रार करता येते. तसेच उदासी अनेक दिवस हटत नसेल, तर केवळ ध्यानावर विसंबू नये. मोठ्यांशी बोलावे. शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

पालकांनो, मूल रागाने बोलू लागले की "जाऊ दे, विसरून जा" असे लगेच म्हणू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या. ऐकून घेणे हीसुद्धा मैत्रीच. माननीय विश्वस्तांना एक सूचना: शनिवारी शेवटच्या तासाला पाच मिनिटे शांत बसण्यासाठी ठेवता येतील का? यात कोणत्याही धर्माची सक्ती नाही, आणि ज्याला नको त्याने पुस्तक वाचावे.

घरी करून पाहा

१. रोज रात्री पाच मिनिटे ताठ पण आरामात बसा. पहिला आठवडा फक्त स्वतःसाठी शुभेच्छा करा.

२. दुसऱ्या आठवड्यात एक आदरणीय व्यक्ती आणि एक मित्र घ्या.

३. तिसऱ्या आठवड्यात जिचे नावही माहीत नाही, अशी रोज दिसणारी एक व्यक्ती घ्या.

४. चौथ्या आठवड्यात ज्याच्याशी थोडेसेच बिनसले आहे, असा एक जण निवडा. मोठे भांडण आत्ता नको.

महिन्यानंतर स्वतःला विचारा: राग आला नाही असे झाले का? बहुधा नाही. पण तो आला तेव्हा आधीपेक्षा लवकर ओळखू आला का? तसे झाले असेल, तर अभ्यास योग्य मार्गावर आहे.