भातावरील कडा करपा व जंतूंची आपसांतील इशारत

श्रावणात भाताचे फुटवे भरून आले म्हणजे एखाद्या खाचरात पानांचे शेंडे पिवळे पडू लागतात. हा पिवळेपणा पानाच्या कडांनी नागमोडी रेघेने खाली उतरतो व पुढे पाने पेंढ्यासारखी पांढुरकी होतात. हाच कडा करपा होय. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी करीत असता अशा शेतांच्या आणेवारीचे कागद पुष्कळ लिहिले. परंतु निवृत्तीनंतर पळसदरीस स्वतःच्याच खाचरात हा रोग दिसला, तेव्हा खत कमी पडले असे समजून त्याने वर युरिया टाकला. रोग झपाट्याने पसरला आणि लोंब्यांत पळंजच अधिक निघाले. चूक कोठे झाली हे जंतूचा स्वभाव कळल्यावर उमगले. तोच येथे सांगावयाचा आहे.

हा रोग आपणांस परका नाही. १९५१ साली तो त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात आढळला, आणि १९५९ साली महाराष्ट्रातून त्याचा शास्त्रीय वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढे १९६३ साली बिहारात त्याने भातपिकाची मोठी हानी केली.

ह्या जंतूचे शास्त्रीय नाव झँथोमोनस ओरायझी असे आहे. पानाच्या कडेवरील सूक्ष्म रंध्रांतून किंवा जखमेतून तो आत शिरतो व शिरांत वाढतो. प्रत्येक जंतू स्निग्धाम्लाच्या जातीचा एक पदार्थ थोडा थोडा बाहेर सोडीत असतो. जंतू विरळ असता तो विरून जातो. दाटी झाली म्हणजे साचतो. तो साचला की आपली संख्या पुरेशी झाल्याची इशारत सर्वांस मिळते व सर्वांचे वर्तन एकदम पालटते. फुटलेला बांध घालावयास एकटा मनुष्य धजत नाही, दहा घरची माणसे जमली म्हणजे काम सुरू होते. तसाच हा प्रकार समजावा.

हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी ह्या संस्थेतील सुभदीप चटर्जी व रमेश सोंटी ह्यांनी २००२ साली ह्याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. इशारतीचा पदार्थ तयार करणारे जनुक ज्यांत बिघडविले होते, त्या जंतूंची रोग उत्पन्न करण्याची शक्ती घटली. शिवाय लोह कमी असता त्यांची वाढही खुंटली. रोगाची सर्व शक्ती ह्या एका इशारतीत आहे असे नव्हे. तथापि तिचा वाटा मोठा आहे.

ही इशारत मोडणारे औषध शेतकऱ्याच्या हाती आलेले नाही. म्हणून जंतू थोडे आहेत तोच त्यांची दाटी होऊ न देणे, हाच आपला मार्ग होय. रोगट शेतातील बी धरू नये. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडू नयेत, कारण प्रत्येक जखम हे जंतूस दारच होय. नत्रखत बेताने व हप्त्याहप्त्याने द्यावे. त्याच्या अतिरेकाने पाने लुसलुशीत होऊन रोगास बळ मिळते. रोग दिसताच नत्राचा पुढील हप्ता थांबवावा. रोगप्रतिकारक वाण मिळत असल्यास तोच लावावा.

शंका असल्यास रोगट पान कापून त्याचे कापलेले टोक पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावे. काही मिनिटांत दुधाळ धार निघाली, तर तो खताचा तुटवडा नसून जंतूंचाच लोंढा आहे असे समजावे. युरियाची गोणी उघडण्यापूर्वी एवढी परीक्षा केली असती, तर माझे खाचर इतके बुडाले नसते.

शेवटी, रोगट खाचराचे पाणी खालच्या खाचरात सोडू नये. आणि पाऊस अनावर होऊन ते गेलेच, तर खालच्या धन्यास त्याच दिवशी कळवावे. जंतू एकमेकांस इशारत देतात. आपण शेजाऱ्यास ती देण्यात संकोच करू नये.