खंजिरी, बुवांचा आवाज आणि फेडरवरचं बोट

चि. भाच्यास,

ताईचा फोन आला होता. यंदाच्या सोयाबीनचे पैसे हाती आले की सोळा फेडरचं, मोटरवालं कंट्रोल सरफेस घ्यायचं तू मनात धरलं आहेस, असं ती म्हणाली. वस्तू वाईट नाही. पण मामाचं मत विचारशील तर आधी एकच फेडर घे, म्हणजे आवाज वर-खाली करणारी एकच सरकपट्टी, आणि त्यावर बोट ठेवून भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला शीक.

तू पाठवलेलं भजन मामानं तीनदा ऐकलं. ट्रॅक पाच: बुवांचा आवाज, पेटी, ढोलकी, खंजिरी आणि मागचे टाळकरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी विदर्भाच्या गावोगावी वाजते, आपल्या अमडापुरातही वाजते, याचा मामाला अभिमान आहे. पण रेकॉर्डिंगमध्ये ती अवघड. तिच्या चकत्यांची झणझण नेमकी त्या उंच स्वरपट्ट्यात असते, जिथे ‘स’, ‘श’, ‘च’ यांचा स्पष्टपणा असतो. थाप पडली की शब्द झाकला जातो. त्यात बुवा रंगात आले की हात वर करून टाळकऱ्यांकडे वळतात, माइक बाजूला राहतो आणि ओळीचा शेवटचा शब्द बुडतो.

तू तो शब्द माउसनं वर काढलास. रीपर सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडून पाहिलं तर आवाजाचे चढउतार लिहिणाऱ्या ऑटोमेशनच्या रेषेवर ठिपकेच ठिपके. मेहनत दिसते, पण आवाज दरवेळी किंचित उशिरा चढतो. वेव्हफॉर्म कुठे बारीक झाला हे पाहून तू दुरुस्ती केलीस, आणि डोळ्याला तो शब्द बुडाल्यावरच दिसला. बोट फेडरवर असतं तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बुवा श्वास कुठे घेतात हे बोटाला ठाऊक झालं असतं आणि ते शब्दाच्या आधीच हललं असतं. ढोलकीवाला समेवर येताना कुठे मोजत बसतो?

मंगेश देसाई हे नाव लक्षात ठेव. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरात ते पुनर्ध्वनिमुद्रण करत. १९७५च्या ‘शोले’च्या श्रेयनामावलीतही त्यांचं नाव आहे. संवाद, पार्श्वसंगीत, पावलांचे आवाज हे सगळं रीळ चालू असताना हातानं तोलायचं, अशी ती कामाची पद्धत. हालचाल लक्षात ठेवणारं यंत्र मदतीला नव्हतं. चित्रपट आधी पाठ व्हायचा, मग हात चालायचे.

फेडरला मोटर लावून हाताची हालचाल संगणकाकडून परत करवून घेणारी नीव्ह कंपनीची नेकॅम यंत्रणा १९७७मध्ये आली. १९८३मध्ये मिडी आलं आणि एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागलं. तुझ्या टेबलावर येईल तो डबा याच दोन वाटांचा वारस आहे. त्यातून आवाज जात नाही. जातात फक्त आकडे. साध्या मिडी संदेशात ० ते १२७ अशा १२८ पायऱ्या असतात, आणि भजनाचा शेवट हळूहळू विरवताना त्या कधी कधी कानाला टोचतात. मॅकी कंट्रोल पद्धतीत फेडरसाठी पिच बेंडचा संदेश वापरतात. त्यात १६,३८४ पायऱ्यांची जागा आहे. म्हणून घेताना फेडर किती आहेत हे मोजण्याआधी डबा मॅकी कंट्रोल बोलतो का, ते विचार.

कोर्गच्या नॅनोकंट्रोल २वर आठ छोटे फेडर आहेत, तो यूएसबीच्या विजेवर चालतो, पण मोटर नाही. त्यामुळे पडद्यावरचा फेडर एकीकडे आणि हातातला दुसरीकडे असं होतं, आणि हात लावताच आवाज उडी मारतो. रीपरमध्ये मिडी लर्नच्या खिडकीत ‘सॉफ्ट टेकओव्हर’ला टिक कर, म्हणजे दोघांची गाठ पडेपर्यंत काही हलणार नाही. प्रीसोनसच्या फेडरपोर्टला एकच फेडर, पण १०० मिलिमीटरचा, मोटरवाला आणि बोटाचा स्पर्श ओळखणारा. मामाचा कौल याला. टच मोडमध्ये बोट आहे तोवर हालचाल लिहिली जाते. बोट उचललं की तो आधीच्या रेषेवर परततो. लॅच मोडमध्ये सोडशील तिथेच थांबतो. बुवांच्या आवाजासाठी टचच वापर.

आणखी एक. रीपरच्या सेटिंगमध्ये डबा कंट्रोल सरफेस म्हणून जोडलास की मिडी इनपुटच्या यादीत तो बंद कर. नाहीतर फेडरचे संदेश रेकॉर्डिंगला लावलेल्या मिडी ट्रॅकमध्येही शिरतात आणि अख्खी दुपार चूक शोधण्यात जाते. मामाची गेली आहे.

मोटरवाल्या डब्याला बहुधा वेगळा अडॅप्टर लागतो. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालेल, फेडर चालणार नाही, म्हणून तो इन्व्हर्टरच्या प्लगवर घे. मळणीच्या दिवसांत तुझ्या खोलीत भुसा येतो. काम झालं की डब्यावर जाड फडकं टाकत जा. फेडर खरखरला तर घरातलं मशीनचं तेल अजिबात घालू नकोस, त्यावर धूळ आणखी चिकटते.

बल्लाळदेवीच्या नवरात्रात मामा येतो आहे. डबा तोवर घेऊ नकोस, मामाकडचा एक फेडरवाला उद्याच्या पार्सलनं निघेल. याच भजनाचे दोन मिक्स करून ठेव, एक माउसचा आणि एक बोटाचा. बुवांना घरी बोलाव, पडद्यावर रुमाल टाक, आणि कोणता कोणता ते आम्हा दोघांनाही सांगू नकोस.

ताईला नमस्कार.

तुझा मामा