चुन्याआधी काजळी

चुलीच्या धुराने पिढ्यान्‌पिढ्या काळवंडलेले आमच्या कोकणातील घराचे स्वयंपाकघर, गॅसची शेगडी आल्यावर, एकदाचे पांढरे करून घ्यावे असे वडीलधाऱ्यांनी ठरविले, तेव्हा ज्या रंगाऱ्याकडे ते काम सोपविले त्याने भिंतींना केरसुणीही न लावता चुन्याचे हात एकावर एक चढविले आणि मजुरी चुकती करून घेतली. पुढे गणपतीच्या सुमारास, चूल होती तिच्या वरच्या अंगाला, तपकिरी ओघळ उमटू लागले. पुन्हा चुना दिला, पुन्हा ते उमटले. आईला त्या डागांची जी खंत लागून राहिली ती पाहिल्यावर या विषयाची नीट माहिती करून घेणे मला कर्तव्यच वाटले.

लाकूडफाटा अर्धवट जळताना भिंतीवर जो थर बसतो तो नुसत्या कोळशाची पूड नव्हे. त्यात डांबरट, चिकट द्रव्येही मिसळलेली असतात आणि त्यांचा काही अंश पाण्यात विरघळतो. ओल्या चुन्यातील पाणी हा अंश आपल्यात ओढून घेते व सुकताना पृष्ठभागावर आणून सोडते. पावसाळ्यातील ओल तीच क्रिया पुन्हा सुरू करते.

सबब आरंभी पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. भांडीकुंडी बाहेर काढून, दारे-खिडक्या सताड उघडून आणि नाकातोंडाला फडके बांधून, आढ्यापासून खाली येत मऊ कुंच्याने काजळी हलकेच झाडावी. घासू मात्र नये. डोळ्यांतले काजळ बोटाने पुसावे आणि गालभर पसरावे, तशी ती भिंतीच्या रंध्रांत भरते.

यापुढचे काम भिंतीच्या जातीवर अवलंबून आहे. तैलरंगाची भिंत धुण्यास हरकत नाही : बालदीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून, हातांत रबरी मोजे घालून, खालून वर धुवीत जावे. हे उलटे वाटेल खरे. पण वरून निथळणारे मळकट पाणी कोरड्या भिंतीत मुरून रेघा उठवते, भिजलेल्या भिंतीवरून ते घसरून जाते. शेवटी स्वच्छ पाण्याने मात्र वरून खाली धुवावे. चुन्याची भिंत धुण्याच्या भरीस पडूच नये. तिचे सुटे पोपडे पत्र्याच्या पट्टीने गिलाव्यापर्यंत खरवडून काढावेत. एवढ्यानेही जो डाग जाणार नाही, त्यावर भिंत पुरती वाळल्यावर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेचा हात द्यावा. लाखेचा पापुद्रा डागाला आतच कोंडून ठेवतो. त्यावर चुना मात्र धरत नाही, तेव्हा तेवढ्या भागाला तैलरंगच द्यावा. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून त्या वेळी घरात निरांजनसुद्धा लावू नये, अशी सर्वांना ताकीद द्यावी.

आग लागून विजेच्या तारा जळाल्या असतील, तर प्रकरण निराळे. तारांवरच्या प्लास्टिकच्या धुरातून आम्ल तयार होते आणि ते धातूला खाते. तेव्हा भिंतीला हात लावण्यापूर्वी वीज बंद करून साऱ्या तारा व बटणे वायरमनकडून तपासून घ्यावीत.