एंजिनाचा उच्छ्वास आणि त्याचे झाकण

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दहावीतील एक विद्यार्थी वडिलांच्या गॅरेजातून पत्र्याचे एक झाकण पिशवीत घालून वर्गात आला. एका जुन्या मोटारीच्या एंजिनाच्या माथ्यावरील ते झाकण होते. आपल्याकडील मिस्त्री त्यास टॅपेट कव्हर म्हणतात. झाकणाला वर एक भोक होते आणि आतून, त्या भोकाखाली थोडे अंतर सोडून, पत्र्याची एक आडवी पट्टी बसविलेली होती. “सर, भोक ठेवायचेच होते, तर खाली ही पट्टी कशाला?” असा त्याचा प्रश्न. मी कलाशाखेचा पदवीधर. त्याने शाकुंतलातील एखादी शंका विचारली असती, तर मी तत्काळ बोलू लागलो असतो. पट्टीसाठी मात्र मला आठ दिवस मागून घ्यावे लागले. त्या आठ दिवसांत जे समजले, ते येथे देत आहे.

सिलिंडरात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण जळते आणि तप्त वायू पिस्टनला खाली ढकलतात. पिस्टनभोवती रिंगा असतात. पण त्या कितीही घट्ट असल्या तरी वायूचा अल्प अंश त्यांच्या कडेने निसटून क्रँक फिरतो त्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरतोच. गॅरेजात ह्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. ह्या वायूत न जळलेले पेट्रोल, काजळी, आम्ले आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे जवळजवळ एक लिटरच पाणी तयार होते, हे वाचून मला प्रथम खरे वाटले नाही! त्यातील बहुतेक धुराड्यावाटे निघून जाते. पण जे खाली उतरते, ते ऑइलात मिसळून त्याचा चिकट गाळ करते. शिवाय आत दाब साठतो. पेजेच्या तपेलीवर झाकण दडपून ठेवले, तर पेज कडेने उतू येते. त्याचप्रमाणे ऑइल सीलांतून व गॅस्केटांतून बाहेर पाझरू लागते.

पूर्वी ह्या वायूस वाट म्हणून एक नळी जमिनीकडे सोडलेली असे. गाडी धावू लागली की खालून वाहणारा वारा त्या नळीतून वायू ओढून घेई, आणि ऑइल भरण्याच्या टोपणातील जाळीतून ताजी हवा आत येई. गाडी उभी राहिली की हे सारे थांबे. आणि निघालेला वायू जाई कोठे? रस्त्यावरच्या माणसांच्या छातीत. लॉस एंजलिस शहरावर १९४० नंतरच्या दशकात डोळ्यांना झोंबणारे धुके दाटू लागले. मूळचे हॉलंडचे रसायनज्ञ आरी हागेन-स्मिट ह्यांनी १९५० नंतरच्या थोड्याच वर्षांत दाखवून दिले की, पेट्रोलाच्या न जळलेल्या वाफा व नायट्रोजनची ऑक्साइडे ह्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते धुके बनते. आणि जुन्या मोटारीतून सुटणाऱ्या ह्या वाफांचा सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसमधून येत असे! १९६१ साली कॅलिफोर्निया राज्याने ही उघडी वाट बंद करून वायू पुन्हा एंजिनातच जाळण्याचा नियम केला.

त्यासाठी योजलेली युक्ती म्हणजे पी. सी. व्ही. व्हॉल्व्ह. आकाराने अंगठ्याएवढा, आत एक स्प्रिंग व एक खिळी. एंजिन मंद चालत असता थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे त्याच्या मागील मॅनिफोल्डमध्ये मोठे शोषण असते. खिळी ओढली जाऊन वाट अरुंद होते. थ्रॉटल उघडला की शोषण घटते, स्प्रिंग खिळीला मागे ढकलते आणि वाट रुंदावते. एंजिनाला वायू अधिक होतो तेव्हाच वाट मोठी, हे गणित एका स्प्रिंगने सोडविले आहे.

आता झाकणाकडे येऊ. अमेरिकेतील शेव्हरोलेचे आठ सिलिंडरांचे ‘स्मॉल ब्लॉक’ एंजिन १९५५ साली निघाले आणि अनेक दशके बनत राहिले. त्यामुळे झाकणाची सारी स्थित्यंतरे त्याच्या अंगावर वाचता येतात. १९६७ पर्यंत त्यात ऑइल भरण्याची नळी पुढे मॅनिफोल्डवर असे, वायूची वाट ब्लॉकच्या मागील भोकातून असे, आणि दोन्ही झाकणे बिनभोकाची, गुळगुळीत. १९६८ पासून ही कामे झाकणांवर आली. जुन्या एंजिनावरील कार्ब्युरेटर काढून फ्यूएल इंजेक्शन बसविण्याची हौस तेथे पुष्कळांना आहे. १९८५ ते १९९२ च्या शेव्हरोले मोटारींतील ‘ट्यून्ड पोर्ट’ इंजेक्शन ह्यासाठी लोकप्रिय ठरले. पण त्याच्या मॅनिफोल्डवर ऑइल भरण्याची नळीच नाही! मग १९६७ पूर्वीच्या एंजिनात ऑइल घालावे कोठून, आणि ताजी हवा यावी कोठून? अर्थात भोके असलेली झाकणे शोधणे आले. तीही त्याच घडणीची हवीत. जुनी झाकणे कडेच्या बोल्टांनी धरली जात, १९८७ पासून बोल्ट मध्यभागी आले. एकाचे झाकण दुसऱ्यास बसत नाही. भोकेही एकाच झाकणावर नसावीत. ताजी हवा एका बाजूच्या झाकणातून उतरून क्रँककेसमधून फिरावी आणि दुसऱ्या झाकणातील व्हॉल्व्हमधून निघावी, तरच पोट साफ होते.

येथेच हौशी माणूस फसतो. व्हॉल्व्हपासूनची नळी मॅनिफोल्डला जोडतो, आणि दुसऱ्या झाकणावर शोभेसाठी एक चकचकीत उघडा फिल्टर बसवितो. कार्ब्युरेटरच्या काळी तेवढ्याने भागे. परंतु १९८५ ते १९८९ च्या त्या इंजेक्शनमध्ये एंजिनात शिरणारी हवा नळात बसविलेल्या मापकाने मोजून संगणक त्या प्रमाणात पेट्रोल देतो. उघड्या फिल्टरमधून आलेली हवा मापकाला चुकवून आत जाते. तिच्या वाटणीचे पेट्रोल कोणी देत नाही. मिश्रण पातळ होते, एंजिन उभ्या जागी डचमळू लागते. बिचारा मालक इंजेक्टर बदलतो, संगणक बदलतो. दोष असतो झाकणावर! त्या झाकणाची नळी मापक व थ्रॉटल ह्यांच्या मधल्या भागात जोडावी, म्हणजे ती हवाही मोजली जाते. १९९० नंतरच्या प्रकारात हवा न मोजता मॅनिफोल्डमधील दाबावरून तिचा हिशोब करतात. तेथे ही चूक सोसते, तरी पोटात धूळ जाऊ नये म्हणून बंद नळीच बरी.

आणि ती पट्टी? झाकणाखाली रॉकर अखंड हलत असतात व ऑइल उडवीत असतात. भोक उघडे असते, तर व्हॉल्व्हने वायूबरोबर ऑइलही शोषले असते. ते सिलिंडरात जळून धुराड्यातून निळा धूर निघाला असता. उडालेले थेंब पट्टीवर आदळून खाली गळतात, वायू तेवढा वळसा घालून वर जातो. बाजारात मिळणाऱ्या पॉलिश केलेल्या कित्येक ॲल्युमिनियमच्या झाकणांत ही पट्टीच नसते, म्हणून विकत घेताना ती उलटी करून पाहावीत.

उत्तर ऐकून तो विद्यार्थी म्हणाला, “सर, वाट चालू आहे हे बाहेरून कसे ओळखावे?” ह्याची परीक्षा सोपी आहे. शनिवारी त्याच्या वडिलांच्या देखत, पंख्यापासून हात दूर ठेवून, आम्ही एका पेट्रोल मोटारीचे एंजिन मंद चालू ठेवले, ताज्या हवेची नळी मिटली, ऑइलचे टोपण काढले आणि त्या तोंडावर जाड कागदाचा तुकडा ठेवला. वाट चालू असेल तर मिनिटभरात कागद आत ओढला जाऊन चिकटतो. तुंबलेली असेल तर तो थरथरून उडतो. आमचा कागद उडाला. वडिलांनी व्हॉल्व्ह काढून हलविला. आतली खिळी गाळाने जाम झाली होती. नवा बसविल्यावर तोच कागद टोपणाच्या तोंडावर असा घट्ट बसला की, पोराला तो नखाने सोडवावा लागला.