न सुरू होणारी मोटार

जबलपूरच्या वाहन निर्माणीत सैन्यासाठी बनणारी जोंगा गाडी सुरू होईना, तर दोष बॅटरीत, इंधनात वा ठिणगीत शोधला जाई. आजच्या मोटारीत सुरक्षा-कुलपाचाही विचार करावा लागतो. किल्लीच फिरत नसेल, तर स्टिअरिंग अडकलेले असते. ते हलकेच दोन्ही बाजूंना हलवीत किल्ली फिरवावी. किल्ली फिरूनही इंजिन चालू होत नसेल आणि कुलपाचा दिवा लुकलुकत असेल, तर किल्लीतील चिपची ओळख पटलेली नसते. या चिपला स्वतःची बॅटरी लागत नाही. कुलपाभोवतीचे तारांचे वेटोळे तिला ऊर्जा पुरविते. राखीव किल्लीने गाडी सुरू झाल्यास दोष पहिल्या किल्लीत समजावा. अन्यथा मोटारीची बॅटरी तपासावी. तारा जोडून हे कुलूप फसत नाही. चोराचेही नाही, मालकाचेही नाही.