हृदयाला ठिगळ

"डॉक्टर, हृदयाला आता आतून ठिगळ लावतात म्हणे. मग गोळ्या कशाला?" गेल्या आठवड्यात एका गुरुजींनी विचारले. झटक्याला वर्ष झालेले, आणि महिनाभर गोळ्या बंद!

झटका आला की रक्ताअभावी हृदयाचे स्नायू मरतात. कातडीसारखे ते पुन्हा भरून येत नाहीत. प्रौढ माणसात वर्षाला जेमतेम एक टक्का स्नायुपेशी नव्या होतात. उरतो तो व्रण. तो आकुंचन पावत नाही, हृदय हळूहळू फुगते, दम लागतो.

हे फुगणे थांबावे म्हणून समुद्रशेवाळातील अल्जिनेट रोहिणीवाटे सोडून पाहिले. ३०३ रुग्णांवरील चाचणीचा निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. फायदा दिसला नाही. अमेरिकेतला दुसरा प्रयोग मला अधिक पटतो. डुकराच्या हृदयातील पेशी धुऊन काढायच्या, उरलेल्या जाळीचे जेल करून रुग्णाच्या हृदयात टोचायचे. जाळी मूळची हृदयाचीच ना! पण २०१९ साली प्रसिद्ध झालेली त्याची पहिली चाचणी अवघ्या १५ रुग्णांवरची, तीही मुख्यतः ते सुरक्षित आहे का एवढे पाहण्यासाठी.

म्हणजे नवा स्नायू उगवून देणारे ठिगळ नेहमीच्या उपचारात अजून आलेले नाही. गुरुजींच्या गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू केल्या आणि त्यांना इको करायला पाठवले.