धानाच्या ट्रकची वाट पाहण्याचे तास

प्रश्न : ब्रह्मपुरीच्या राईस मिलमध्ये मी रोजीने आहे. धानाचा ट्रक येईस्तोवर तीन-चार तास बसवतात आणि तेवढी रोजी कापतात. रात्री थांबवले तर जादा तासांचे पैसे साध्याच दराने. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, भाऊ. ट्रक आला नाही, वीज गेली, यात तुमचा काय दोष? तुम्ही तयार असताना मालकाने काम दिले नाही, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १० नुसार पूर्ण दिवसाची रोजी मिळायलाच हवी. जादा तासांना कलम १४ प्रमाणे किमान दुप्पट दर. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. पैसे दिल्याचे सिद्ध करणे मालकावर. तरीही येण्या-जाण्याची वेळ रोज वहीत लिहाच, कारण हजेरीपत्रक त्याच्याच हातात असते. तक्रार चंद्रपूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात द्या आणि पोच मागून घ्या.